बालकांची खाण्यातील निवड आणि रात्रीचे कौटुंबिक जेवण

‘मूल काहीच खात नाही’ ही तक्रार दोन ते पाच वर्षांची मुले असलेल्या बहुतेक घरांत ऐकू येते. दिवसभरात सर्वांनी एकत्र बसण्याचे निमित्त म्हणजे रात्रीचे जेवण. नेमके तेच आर्जव, धाक आणि रडारड यांत संपते. दोष मात्र बहुधा आईच्या माथी येतो. वस्तुतः या नकाराचे मूळ बालविकासाच्या स्वाभाविक क्रमात आहे.

पहिल्या वर्षात बालकाचे वजन साधारणतः तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. त्यातच याच वयात अपरिचित अन्नाविषयीची भीती बळावते. कडू चवीची नावड तर जन्मजातच असते. त्यामुळे वरणभात आनंदाने खाणारे मूल मेथीची भाजी पाहताच तोंड फिरवते, यात हट्टाचा भाग थोडाच असतो.

या संदर्भात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांचा प्रयोग उल्लेखनीय आहे. नुकतेच दूध सुटलेल्या १५ बालकांना त्यांनी आपले अन्न स्वतः निवडू दिले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रत्येकाची निवड वेगळी असूनही सर्वांची वाढ उत्तम झाली. अर्थात, यातील मर्म पदार्थांच्या यादीत होते. यादीतील ३४ही पदार्थ साधे व सकस होते. मिठाईचा पर्यायच नव्हता. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे मांडलेली जबाबदारीची विभागणी याच्याशी जुळते: काय व केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने.

‘भाजी संपव, मग गुलाबजाम’ हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय मात्र उलटतो. मानसशास्त्रज्ञ लिॲन बर्च व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की, बक्षिसाच्या अटीवर प्यायला लावलेले पेय मुलांना नंतर कमी आवडू लागले. याउलट आग्रह न करता तोच पदार्थ आठ-दहा, क्वचित पंधरा वेळा चाखावयास मिळाल्यास त्याचा स्वीकार वाढतो. दोन-तीन नकारांनंतर ‘याला ही भाजी आवडत नाही’ असा शिक्का मारणारी घरे येथेच घाई करतात.

मराठी ताटाची डावी बाजू या दृष्टीने सोयीची आहे. चटणी-कोशिंबिरीप्रमाणे नवी भाजीही तेथे चिमूटभर वाढता येते. ओळखीचा भात शेजारी असतोच. मुलासाठी निराळा पदार्थ रांधू नये. जेवणापूर्वीच्या तासा-दीड तासात बिस्किटे, फरसाण वा दूध देऊ नये. एकत्र कुटुंबात याबाबत आजी-आजोबांची संमती आधी घ्यावी लागते, आणि हेच काम सर्वांत अवघड! अर्ध्या तासात ताट उचलावे, न रागावता.

तथापि हे विवेचन निरोगी बालकांपुरते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेषा सपाट झाली वा खाली वळली, मूल गिळताना ठसकू लागले किंवा त्याचे अन्न मोजक्या पदार्थांवर आले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांस दाखवावे.