ईश्वरदत्त देणगी : ओळख व विनियोग

'टॅलेंट' हा इंग्रजी शब्द आतां आपल्या मराठी बोलण्यांतहि रुळला आहे. एखादी मुलगी चांगली गाऊं लागली, कीं तिच्या अंगीं टॅलेंट आहे असें आपण सहज म्हणतों. परंतु हा शब्द मुळांत गुणाचा नव्हे, वजनाचा आहे. चांदी-सोनें तोलण्याच्या एका मोठ्या प्राचीन वजनास ग्रीक भाषेंत 'तालंतोन' म्हणत. त्याला 'अंगचा गुण' हा अर्थ चिकटला, तो प्रभु येशूनें सांगितलेल्या एका दृष्टांतामुळें. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायांत तो दृष्टांत आहे. देवानें दिलेली देणगी ओळखावी कशी व तिचा विनियोग करावा कसा, या प्रश्नाचा आज त्याच्याच आधारें थोडा विचार करूं.

एक धनी परदेशीं जातांना आपली संपत्ति तीन दासांच्या हवालीं करतो. एकास पांच तालंतें, दुसऱ्यास दोन आणि तिसऱ्यास एक. पहिले दोघे व्यापार करून आपापली रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमीन खणून आपलें तालंत पुरून ठेवतो. पुष्कळ दिवसांनीं धनी परत येतो व हिशेब मागतो. पहिल्या दोघांस तो सारख्याच शब्दांत शाबासकी देतो. ज्यानें पांच मिळविलीं त्याला जास्त आणि ज्यानें दोन मिळविलीं त्याला कमी, असा भेद तो करीत नाहीं. तिसरा आपली रक्कम जशीच्या तशी आणून ठेवतो. त्यानें एक कवडीहि गमावलेली नाहीं. तरी कडक शब्द ऐकावे लागतात ते त्यालाच.

आम्हां मास्तरमंडळींस गणित मांडल्यावांचून चैन पडत नाहीं. तें येथें मांडून पाहूं. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 देनारियस. मजुराची एका दिवसाची मजुरी एक देनारियस असे, हें याच शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून कळतें. वर्षांत कामाचे दिवस 300 धरले, तर एक तालंत ही 20 वर्षांची मजुरी झाली. म्हणजे ज्याच्या वांट्यास सर्वांत थोडें आलें, त्याच्या हातींहि एवढें धन होतें कीं, साधा मजूर तें उभ्या आयुष्यांत एकदम पाहूं शकला नसता! 'मला फारच थोडें मिळालें' हें वाटणें बहुधा शेजाऱ्याकडे पाहून येतें. आपल्या ओंजळींत काय आहे हें मोजून पाहिलें, तर तें टिकत नाहीं.

त्या दासानें आपली रक्कम कां पुरली? तो स्वतःच सांगतो कीं, त्याला भय वाटलें. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतूनहि हें भय आढळतें. मात्र तें नम्रतेचें पांघरूण घेऊन येतें. 'आम्ही कसले? आमच्यापाशीं काय आहे? थोरामोठ्यांनीं करावें,' असें आपण म्हणतों आणि ऐकणारांसहि तें गोड वाटतें. खरी नम्रता देणगी नाकारीत नाहीं. ती दात्याचें नांव घेते. जें माझें नव्हेच, तें माझ्याजवळ आहे असें म्हणण्यांत गर्व कसला?

आतां देणग्या म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. प्रेषित पौलानें यासाठीं जो ग्रीक शब्द योजिला आहे तो 'खारिस', म्हणजे कृपा, या शब्दापासून झाला आहे. म्हणूनच मराठींत आपण 'कृपादान' म्हणतों. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायांत त्यानें अशा दानांच्या याद्या दिल्या आहेत. त्यांत संदेश देणारे व शिक्षक आहेत, त्याचप्रमाणें साहाय्य करणारे, दानधर्म करणारे व दया करणारे हेहि आहेत. जुन्या करारांत, निर्गमाच्या 31 व्या अध्यायांत, बसालेल नांवाच्या कारागिरास देवाच्या आत्म्यानें परिपूर्ण केल्याचें सांगितलें आहे, आणि तें सोनें, रुपें, पाषाण व लांकूड यांवरील कामासाठीं! प्रेषितांच्या कृत्यांच्या 9 व्या अध्यायांत यापो येथील टबीथा निवर्तल्यावर विधवा रडत रडत तिनें शिवलेलीं वस्त्रें पेत्रास दाखवितात. तिचें एकहि वाक्य शास्त्रांत नोंदलेलें नाहीं. नोंदलेली आहे ती तिची सुई. तेव्हां व्यासपीठावर दिसते तेवढीच देणगी, हा समज सोडून दिला पाहिजे.

मग आपली देणगी ओळखावी कशी? पुष्कळ जण त्यासाठीं एकांतांत बसून स्वतःच्या अंतःकरणांत डोकावतात. प्रार्थनापूर्वक आत्मपरीक्षण चांगलेंच. परंतु केवळ आरशांत पाहून देणगी सांपडत नाहीं. ती सांपडते शेजाऱ्याच्या गरजेकडे पाहिल्यानें. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 4 थ्या अध्यायांत कृपादान मिळालेल्यास कारभारी म्हटलें आहे, आणि कारभाऱ्याकडील धन दुसऱ्यांना वांटण्यासाठींच असतें. म्हणून पहिली खूण ही कीं, जी उणीव इतरांस दिसत नाहीं व आपल्याला मात्र राहून राहून बोचते, तेथें आपलें काम असण्याचा संभव आहे. दुसरी खूण मंडळीची साक्ष. आपल्या करण्यानें दुसऱ्यांस खरोखर आधार मिळतो कीं नाहीं, हें त्यांनीं सांगावें. आपण ठरवूं नये. तिसरी खूण म्हणजे प्रत्यक्ष वापर. पाण्यांत उतरल्यावांचून पोहतां येतें कीं नाहीं हें कळत नाहीं.

या तिसऱ्या खुणेचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 सालचा. लहानपणीं त्यांना शाळा मिळाली नाहीं. लिहिण्यावाचण्याची ओळख झाली ती लग्नानंतर, पति नारायण वामन टिळक यांच्याकडून. 1919 सालीं टिळक वारले, तेव्हां 'ख्रिस्तायन' हें त्यांचें महाकाव्य आरंभींच थांबलें होतें. पन्नाशी गांठलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें हातीं घेतलें व त्यांत 64 अध्यायांची भर घातली. त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 सालीं प्रसिद्ध झाला, आणि 1936 सालीं त्या निवर्तल्या. आपण ग्रंथकार आहों कीं नाहीं हें ठरेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर मराठी भाषा आपल्या एका अमोल ग्रंथास मुकली असती.

देणग्या एकमेकींस कशा पूरक होतात, हें पंडिता रमाबाईंच्या केडगांव येथील मुक्ति मिशनमध्यें पाहावें. संस्कृतांतील विद्वत्तेसाठीं त्यांना 1878 सालीं कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या होत्या. तीच भाषेची देणगी घेऊन त्या उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या, आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाहि समजावें म्हणून त्यांनीं पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविलें. 1922 सालीं त्यांचा अंत झाला. संपूर्ण शास्त्र 1924 सालीं छापून निघालें. त्याचे खिळे जुळविणें व छपाई हें काम मुक्तींतील मुलींनीं व स्त्रियांनींच केलें. त्यांतील कित्येक जणींना दुष्काळांतून आश्रय मिळाला होता. रमाबाईंचें नांव सर्वांच्या मुखीं आहे, खिळे जुळविणाऱ्या मुलींचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु त्या हातांवांचून तें भाषांतर कागदांच्या गठ्ठ्यांतच पडून राहिलें असतें. पौलानें मंडळीस शरीराची उपमा दिली, ती याच अर्थानें.

येथें एक स्वानुभव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मी सेवानिवृत्त झाल्यावर आमच्या पाळकांनीं विचारलें कीं, मंडळींतील प्रौढ स्त्रीपुरुषांस आठवड्यांतून दोन संध्याकाळ अक्षरओळख करून द्याल काय? मीं म्हटलें, "आतां वय झालें. शिवाय मी केवळ मॅट्रिक. एखाद्या अधिक शिकलेल्या तरुणास सांगा." हें उत्तर मला मोठें विनयाचें वाटलें. आमच्या मंडळींत एक वृद्ध बाई आहेत. त्यांना अक्षर येत नव्हतें. पण रविवारीं उपासनेस कोण आलें नाहीं, हें त्यांच्या नजरेंतून कधीं सुटत नाहीं, आणि सोमवारीं सकाळीं त्या त्या घरीं जाऊन पोंचतात. कोणाचें दुखणें, कोणाचा रुसवा, कोणाच्या घरचें रिकामें पातेलें, सारें पाळकांस प्रथम त्यांच्याकडून कळतें. एके दिवशीं दवाखान्याची चिठ्ठी वाचून घेण्यास त्या माझ्याकडे आल्या. चिठ्ठीची घडी करतां करतां म्हणाल्या, "मास्तर, मला अक्षर येत असतं, तर मी घरात बसून राहिले नसते."

त्यांनीं टोमणा मारला नव्हता. पाळकांनीं मला काय विचारलें होतें, याची त्यांना वार्ताहि नव्हती. परंतु मला तो हिशेब मागणाऱ्या धन्याचा शब्द वाटला. जी देणगी मीं इतकीं वर्षें पगारासाठीं वापरली, ती पगार थांबतांच पुरून टाकण्यास मी निघालों होतों! पुढल्या आठवड्यांत वर्ग सुरू झाला. पहिल्या संध्याकाळीं पांच जण आले, आणि पुढच्या बांकावर त्याच बाई होत्या.

तथापि एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. सर्व कामें आपणच करावीं, असा याचा अर्थ नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6 व्या अध्यायांत अन्नवांटपाची व्यवस्था प्रेषितांनीं सात जणांवर सोंपविली व आपण प्रार्थना आणि वचनाची सेवा यांस वाहून घेतलें. दुसऱ्याची देणगी ओळखून तिला वाट करून देणें, हाहि सद्विनियोगच आहे. आणि पौलाच्या त्या पत्रांत देणग्यांविषयींच्या 12 व्या व 14 व्या अध्यायांच्या मधोमध प्रीतीचा 13 वा अध्याय आहे, हें विसरूं नये. प्रीति नसली, कीं देणगीचें दुकान होतें.

श्रोतेहो, आज रात्रीं निजण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे. माझ्या दाराजवळची कोणती गरज मला बोचते आहे? आणि ती भागविण्याजोगें काय मीं पुरून ठेवलें आहे? उत्तर सांपडल्यास उद्यां सकाळीं कुदळ घ्यावी. जमीन आपणच खणली होती. ती उकरणेंहि आपल्याच हातीं आहे.