ज्येष्ठांच्या एंडोस्कोपीत गुंगी कोणत्या औषधाची?

अलिबाग, (प्रतिनिधी) - मुरूड वा रेवदंड्याहून एंडोस्कोपीसाठी मुंबईस गेलेल्या वृद्ध रुग्णाने त्याच सायंकाळी मांडव्याची लाँच पकडावी काय, हा प्रश्न वरवर प्रवासाचा वाटतो. उत्तर मात्र पुष्कळसे शिरेतून दिलेल्या गुंगीच्या औषधावर अवलंबून असते.

या तपासणीत मिडाझोलाम हे जुने व परिचित औषध. ते भीती घालवते आणि तपासणीची आठवणही पुसते. परंतु वार्धक्यात यकृताचे काम मंदावते, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते. त्यामुळे औषध रेंगाळते. म्हणूनच साठीपुढील रुग्णास पहिली मात्रा दीड मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. तीही दोन मिनिटांत, सावकाश. फ्लुमाझेनिल हा त्यावरील उतारा आहे. मात्र त्याचा प्रभाव आधी ओसरल्यास रुग्ण पुन्हा पेंगू शकतो.

दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल याउलट झपाट्याने चढते आणि उतरते. रुग्ण काही मिनिटांत भानावर येतो. मात्र ते टोचताना हात झोंबतो, रक्तदाब घसरतो, श्वास मंदावतो, आणि त्यावर उतारा नाही. पॉप गायक मायकेल जॅक्सन यांचा २००९ मध्ये मृत्यू झाला तो याच औषधाने. दोष औषधापेक्षा ते घरी, देखरेखीच्या साधनांविना देण्याचा होता. प्रशिक्षित भूलतज्ज्ञ व प्राणवायूची सोय नसेल तेथे ते नकोच.

अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेले रेमिमाझोलाम या दोहोंच्या मधले म्हणता येईल. शरीरातील विकरे त्याचे त्वरित विघटन करतात, रक्तदाब प्रोपोफॉलइतका घसरत नाही आणि फ्लुमाझेनिलचा उताराही चालतो.

जठराच्या तपासणीस बहुधा काही मिनिटेच लागतात. वयोमानाने घशाची उबळ कमी झालेली असल्याने अनेक ज्येष्ठ केवळ घशातील लिग्नोकेनच्या फवाऱ्यावर ती सहज निभावतात. हा पर्याय विचारण्यास संकोच वाटू नये. मोठ्या आतड्याची तपासणी मात्र लांबते व पोट ताणले जाते. तेथे गुंगीची गरज अधिक.

रोजची झोपेची गोळी, मद्यपान, घोरणे, हृदयविकार हे डॉक्टरांना आधीच सांगावे. सहा तास उपाशी राहावयाचे, त्यात दुधाचा चहाही वर्ज्य; साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. गुंगी घेतल्यास सोबत कोणी हवेच, आणि चोवीस तास वाहन चालवू नये. हलत्या लाँचच्या फळीवरून धक्क्यावर उतरण्यास लागणारा तोल, रुग्ण नीट बोलू लागला तरी, लगेच परतलेला नसतो.