शोध थोडका, चित्र चोख

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. महापुरात वीज गेली की मोबाईलची बॅटरी हीच शिदोरी. तिच्यावर पुलाचे चित्रण करून कोणी साताऱ्याच्या नातलगांना पाठवतो, तेव्हा फोनला कष्ट कशाचे पडतात?

चित्रण म्हणजे सेकंदाला तीसेक चित्रे. १२८० बाय ७२० ठिपक्यांचे चित्रण जसेच्या तसे साठवले तर दर सेकंदाला ८३ मेगाबाइट जागा लागेल. म्हणून फोन काटकसर करतो. पुलाची कमान मागच्या चित्रात होतीच. ती किती सरकली, तेवढेच तो टिपून ठेवतो.

खरी मेहनत हे सरकणे शोधण्यात आहे. एका चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे ३,६०० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मागच्या चित्रात चहूबाजूंना सात ठिपक्यांपर्यंत ताडून पाहायचा, तर जागा होतात २२५ आणि प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. म्हणजे एका चित्राला २० कोटींहून अधिक!

मी बी. ए. झालेला कवी. यमक शोधताना मी अख्खा शब्दकोश चाळत नाही. कानाला जवळचा वाटलेला शब्द धरतो आणि त्याच्या आसपास पाहतो. १९८१ साली मांडलेली तीन पायऱ्यांची रीत अशीच आहे. आधी मधली जागा आणि चार ठिपके दूरच्या आठ जागा पाहायच्या. जी सर्वांत जुळेल तिच्याभोवती दोन ठिपक्यांवर आठ, मग एका ठिपक्यावर आठ. एकूण २५ जागा. काम नवव्या हिश्श्यावर आले. आजच्या रीती याहून सुधारलेल्या आहेत, पण तत्त्व हेच.

मात्र घाईचा शोध फसूही शकतो. स्थिर पूल सहज सापडतो. साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या धबधब्यात प्रत्येक तुकडा क्षणोक्षणी बदलतो. तिथे शोध चुकला तर फाईल फुगते, नाहीतर चित्र पुसट होते. गणित वाचवले की जागा जास्त लागते आणि जागा वाचवली की गणित वाढते.

२०२०चे एच.२६६ हे मानक जागा आणखी वाचवते, पण त्यातला शोध फार जड आहे. गंमत अशी, की साठवलेले चित्र उलगडायचे कसे एवढेच मानक ठरवते. शोधायचे कसे, हे बनवणाऱ्यावर सोडलेले असते. पुरात अडकलेल्याची बॅटरी तासभर अधिक टिकवण्याला वाव आहे, तो तिथेच.