एकवीस पाने आणि बोलके यंत्र

एकवीस पानांची जादू आपल्यापैकी पुष्कळांनी सुटीत भावंडांसमोर केली असेल. कॅटातली 21 पाने घ्यावयाची आणि ओळीने वाटत सात-सात पानांच्या तीन उभ्या रांगा उताण्या मांडावयाच्या. समोरच्याने एक पान मनात धरून त्याची रांग तेवढी सांगावयाची. ती रांग इतर दोहोंच्या मध्ये घालून पाने गोळा करावयाची. असे एकूण तीनदा. मग वरून अकरावे पान काढले की ते मनातलेच निघते!

यात मनकवडेपणा किती? पहिल्यांदा गोळा केल्यावर ते पान आठव्यापासून चौदाव्या जागेपर्यंत कोठेतरी असते. दुसऱ्यांदा गोळा केल्यावर दहावे, अकरावे की बारावे, एवढाच प्रश्न उरतो. आणि तिसऱ्या मांडणीत ही तिन्ही पाने आपापल्या रांगेच्या बरोबर मध्यावर येतात. खेळ करणाराने पान ओळखलेले नसते. ते प्रेक्षकानेच, तीनदा रांग दाखवून, त्याच्या हाती दिलेले असते. तीनदा तीन म्हणजे 27 शक्यता निवडता येतात. 21 पानांना तेवढे पुरून उरते. प्रेक्षकाने एकदा चुकीची रांग दाखवावी, म्हणजे जादू बहुधा फसलीच.

आज आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येही असाच एक मनकवडा येऊन बसला आहे. बँकेला अर्ज लिहून दे म्हटले की तो लिहितो, मुलाचे गणित समजावतो. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी लोकांसमोर आले, आणि तेव्हापासून 'हे यंत्र विचार करते का?' हा वाद घरोघरी चालू आहे. तो वाद आम्ही तत्त्वज्ञांकडे सोपवतो. कृती मात्र सांगता येते. अफाट मजकूर वाचवून यंत्राला एकच सवय लावलेली असते: आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, हे काढावयाचे, त्यातून एक निवडावयाचा, आणि पुन्हा तेच. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली शब्दांच्या अशा संभाव्यतेवरून इंग्रजी वाक्ये जुळवून दाखविली होती; ती अर्थातच अडखळणारी होती. आजचे यंत्र मागचा सारा संदर्भ जमेस धरते, शिवाय माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवर त्याला घोटविलेले असते. म्हणून 'नुसता अंदाज' असे त्याला हिणवणे आम्हांस पटत नाही. चांगला अंदाज बांधण्यासाठीही भाषेची व विषयाची बरीच जाण पकडावी लागते.

पण एकविसाच्या खेळात अकरावे पान चुकत नाही. येथे तशी हमी नाही. वाक्य सुबक जुळणे निराळे आणि ते खरे असणे निराळे. शिवाय रांग येथेही आपणच दाखवतो. 'अमुक काढ्याने मधुमेह बरा कसा होतो?' असे विचारले, तर तो बरा होतो हे आपण आधीच सांगून बसलो. यंत्र पुष्कळदा त्याच रांगेतून उत्तर काढते. 'बरा होतो का, आणि नसल्यास का नाही?' असे विचारून पाहावे.

न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, कधी न झालेले खटले न्यायालयात दाखल केले. त्यांच्यापैकी एकाने ते खरे आहेत ना, असे यंत्रालाच विचारले होते. यंत्राने होकार दिला! न्यायालयाने 5000 डॉलर दंड केला. खटल्यांच्या मूळ संग्रहात शोध घेतला असता तर ते तेथे नाहीत हे कळले असते.

पत्त्यांची एखादी नवी जादू यंत्राला विचारली, तर पाने मांडून ती खरी की खोटी हे पाच मिनिटांत कळते. गणिताचा ताळा घेता येतो, अर्ज आपण वाचून दुरुस्त करू शकतो. अशी कामे त्याला खुशाल सांगावीत. औषधाची मात्रा किंवा अपिलाची मुदत घरी पडताळता येत नाही. तेथे डॉक्टरांची चिठ्ठी पाहावी, वकिलांना विचारावे. आणि बँकेचा अर्ज लिहवून घेताना खाते क्रमांकाची जागा कोरी ठेवावी. तो मागाहून आपल्या हाताने घालावा.