पोलिसांचं श्वानपथक आणि आपला पैसा

बेंगळुरूच्या मारतहळ्ळीतून बोलतोय. हे नाव कुठून आलं, याबद्दल इथं तीन माणसं चार गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं जुन्या मराठा वस्तीवरून, कुणी म्हणतं शेजारच्या एचएएलच्या ‘मरुत’ विमानावरून. त्या वादात आज पडत नाही. आजचा विषय वेगळा आहे.

आमच्या अपार्टमेंट असोसिएशनच्या बैठकीत एका गृहस्थांनी सूचना मांडली. आसपास गल्लोगल्ली पीजी झालेत, दिवसभर पार्सलवाले येतात, पोरांच्या हाती काय पडतंय कळत नाही. तेव्हा आपणच वर्गणी काढून पोलिसांना अमली पदार्थ शोधणारे दोन-तीन कुत्रे घेऊन द्यावेत. लगेच दुसरे उठले. म्हणाले, “पोलिसांच्या कुत्र्यांचा खर्च आपण आधीच करातून देतो, पुन्हा वर्गणी कशाला? आणि त्या कुत्र्यांचा उपयोग तरी किती?” मी लष्करातला माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथं पाच मिनिटं बोललो, ते पुरेसं नव्हतं. म्हणून हा भाग.

मी रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचा नव्हे, म्हणजे मेरठला लष्कराचे कुत्रे तयार करणाऱ्यांपैकी नव्हे. मी पायदळाचा. पण काश्मीरमध्ये सकाळी रस्ता तपासायला निघालेल्या तुकडीच्या पुढं कुत्रा आणि त्याचा हँडलर चालायचे आणि त्यांच्या मागून मी पुष्कळ चाललोय. कुत्र्याच्या नाकावर जीव ठेवून चालणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. म्हणूनच त्या नाकाकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगावंसं वाटतं.

आधी नाक काय करतं ते पाहू. कुत्र्याला ‘कोकेन’ असा वास येत नाही. कोकेनला हवा-दमटपणा लागला की त्यातून मिथाइल बेंझोएट नावाचं द्रव्य उडतं, कुत्रा ते ओळखतो. हेरॉइनमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा, म्हणजे व्हिनेगरसारखा अंश असतो. एमडीएमएच्या गोळ्यांत पिपरोनालचा गोडसर वास सापडतो. गांज्याचा वास तर तुम्हाआम्हालाही येतो. म्हणजे कुत्रा पदार्थ शोधत नाही, पदार्थातून हवेत उडणारं काहीतरी शोधतो. जे उडत नाही, ते सापडणं अवघड. एलएसडीचे कागदी तुकडे घ्या. वास जवळजवळ नाही आणि प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये. तिथं उत्तम कुत्र्याचीही पंचाईत होते.

दुसरी अडचण हवामानाची. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. तोंडानं दम घेणं आणि नाकानं वास घेणं ही दोन कामं त्याला एकाच वेळी जमत नाहीत. उन्हात उभ्या ट्रकांच्या रांगेत त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त राबवलं की काम ढिलं पडतं. मग सावली, पाणी, विश्रांती. हे सगळं पैशाचंच बोलणं आहे, कारण एका नाक्यावर दिवसभर तपासणी हवी असेल तर एका कुत्र्यानं भागत नाही.

आता उपयोगाचं बोलू. २०२४ मध्ये बेंगळुरूच्या सीसीबीनं चामराजपेठच्या परदेशी टपाल कार्यालयात श्वानपथकाच्या मदतीनं पार्सलं तपासली. अमली पदार्थ असलेली ६०६ पार्सलं निघाली, किंमत २१ कोटी रुपयांच्या वर. एमडीएमए, हायड्रो गांजा, एलएसडी, गोळ्या, असा सगळा बाजार खोक्यांत भरून टपालानं आला होता. ही कुत्र्याची खरी जागा. बंद खोली, रांगेत मांडलेली खोकी, भर ऊन नाही, गर्दी नाही. माणसानं एकेक खोकं फोडून पाहायचं म्हटलं तर आठवडे जातील. कुत्रा चालत जातो आणि ठरावीक खोक्यापाशी बसतो.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन, म्हणजे ज्याला पोरं ‘एमडी’ म्हणतात, ते बनवणारा कारखाना पकडला. शेकडो किलो माल. तिथपर्यंत पोलिस पोचले ते पकडलेल्या माणसांच्या चौकशीतून, धागा पकडून. रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत कुत्रा सोडून एमडी सापडलं नसतं. तेव्हा ‘कुत्रे आणा आणि ड्रग्ज संपवा’ ही घोषणा कुणी दिली, तर समजा की त्यानं कुत्रा आणि ड्रग्ज दोन्ही जवळून पाहिलेलं नाही.

मराठी माणसाला श्वानपथक म्हटलं की मुंबई पोलिसांचा झंजीर आठवतो. पुण्याच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला लॅब्रॅडॉर. १९९३ च्या स्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधलं, असं नोंदींत आहे. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना दिली. पण झंजीर स्फोटकांचा कुत्रा होता. स्फोटकांचा कुत्रा अमली पदार्थ शोधत नाही. माग काढणारा कुत्रा या दोन्हींत नाही. दावणगेऱ्याची तुंगा २०२० साली खुन्याचा माग काढत बारा किलोमीटर धावली, ती तिसऱ्या जातीची कामगिरी. जिल्ह्याकडं ‘दहा कुत्रे आहेत’ असं कुणी सांगितलं, तर त्यातले अमली पदार्थांचे किती, हा प्रश्न लगेच विचारायचा. बहुतेक ठिकाणी व्हीआयपी बंदोबस्तासाठी स्फोटकांचे कुत्रे आधी घेतले जातात आणि बाकीचे मागून येतात. मला त्यात गैर वाटत नाही, पण आकडा फुगवून सांगू नये.

आता पैसा. २०२० च्या अखेरीस कर्नाटक सरकारनं श्वानपथकं मजबूत करण्यासाठी अडीच कोटी रुपये आणि ५० कुत्रे असं जाहीर केलं होतं. भागाकार केला तर कुत्र्यामागं पाच लाख येतात. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम म्हणजे दाराची किंमत, घराची नव्हे. पिल्लू येतं, त्याचं प्रशिक्षण साधारण सहा महिने चालतं. कर्नाटकात आडुगोडीला शहर पोलिसांचं पथक आहे, जवळच तरळूला सीआरपीएफची श्वान प्रजनन आणि प्रशिक्षण शाळा आहे. म्हणजे शिकवण्याची सोय दारातच. खर्च सुरू होतो तो त्यानंतर. कुत्रा आठ-नऊ वर्षं काम करतो. एवढी वर्षं त्याचा खुराक, पशुवैद्य, वातानुकूलित गाडी, कुत्राघर, आणि सगळ्यांत मोठी बाब म्हणजे एक हँडलर आणि एक मदतनीस, दोघांचे पगार. पिल्लाची किंमत यापुढं किरकोळ आहे.

इथं सरकारी हिशेबाची एक जुनी खोड आड येते. खरेदीला पैसा सहज मिळतो, कारण त्यात उद्घाटन असतं, फोटो असतो. दर महिन्याच्या खर्चाला कुणी फीत कापत नाही. मग होतं काय, की कुत्रा असतो आणि हँडलरची बदली झालेली असते. नवा हँडलर आला की जोडी पुन्हा जमवायला महिने जातात. लष्करात हँडलर आणि कुत्रा वेगळे करताना दहा वेळा विचार करतात. कित्येक पोलिस दलांत हँडलर म्हणजे ‘बंदोबस्ताला मोकळा असलेला शिपाई’ असा समज असतो.

केंद्राचा आकडा पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलिस आधुनिकीकरणाची मोठी योजना पुढं चालू ठेवायला मंजुरी मिळाली, २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटी रुपये. त्यात राज्यांना अमली पदार्थ नियंत्रणासाठी मदत करण्याच्या योजनेचा वाटा ५० कोटी. पाच वर्षं, सगळी राज्यं, आणि त्यात कुत्रेच नव्हे तर बाकी साधनंही. हा फरक वाचून मी दोनदा शून्यं मोजली. तेव्हा आमच्या बैठकीतल्या दुसऱ्या गृहस्थांना माझं उत्तर असं, की या कामावर सरकारनं जास्त नव्हे, कमीच खर्च केलाय.

आणि पहिल्या गृहस्थांना उत्तर असं, की वर्गणी नको. का, ते सांगतो. कुत्र्याला पैसा कोण देतो, यावर कुत्रा कसा वापरला जातो हे ठरतं. आम्ही वर्गणी दिली, तर कुत्रा आमच्या गेटवर आणि पीजीतल्या पोरांच्या खोल्यांपाशी फिरावा, अशी अपेक्षा निर्माण होणार. अमेरिकेत जप्त केलेल्या मालमत्तेतला वाटा पोलिस खात्यांना मिळतो आणि त्यातून कुत्रेही घेतले जातात. त्यावर तिथंच टीका होते, की जप्ती हेच उत्पन्न झालं तर नाक जप्तीकडंच वळतं. आपल्या एनडीपीएस कायद्यातही कलम ७अ खाली राष्ट्रीय निधी आहे आणि जप्त मालमत्तेच्या विक्रीचा पैसा त्यात जाऊ शकतो. निधी केंद्राकडं असतो, पकडणाऱ्या ठाण्याकडं नाही, हे बरं आहे. ते तसंच राहावं.

नाक वळतं म्हणजे काय, याचा एक प्रयोग झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. अठरा हँडलर आणि त्यांचे कुत्रे एका चर्चमध्ये नेले. हँडलरांना सांगितलं, खोल्यांत वास लपवलेले आहेत, काही जागी लाल कागदाची खूण आहे. प्रत्यक्षात कुठंही काहीही ठेवलेलं नव्हतं. एकूण १४४ शोधांपैकी २१ शोध कोरे गेले. बाकी सगळ्यांत कुत्र्यानं ‘सापडलं’ अशी खूण दिल्याचं हँडलरनं सांगितलं. कुत्रा खोटारडा नसतो. मालकाच्या हाताचा ताण, थबकणं, नजर, हे तो वाचतो. हँडलरनं मनात ठरवलं की ‘या पोराच्या बॅगेत असणार’, तर कुत्रा त्याला नाराज करत नाही.

आता मारतहळ्ळीतल्या एखाद्या पीजीत राहणारं कोल्हापूरचं किंवा नांदेडचं पोर डोळ्यांसमोर आणा. एनडीपीएस कायद्यात व्यावसायिक प्रमाण ठरलं, की कलम ३७ मुळं जामीन फार कठीण. एमडीएमएसाठी ते प्रमाण फक्त १० ग्रॅम आहे, गांज्यासाठी २० किलो. तेव्हा झडतीची सुरुवात कशावरून झाली, हा प्रश्न त्या पोराच्या आयुष्याचा असतो. अंगझडती असेल तर कलम ५० प्रमाणं राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे आणि तो त्याला सांगावाच लागतो. बॅगेला हे लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्पष्ट केलं. आणि कुत्रा बसला, एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. माल सापडावा लागतो, प्रयोगशाळेनं तो तपासावा लागतो. महाराष्ट्रातल्याच दफेदार खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फारसं वजन दिलं नव्हतं. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, हा त्यातला साधा मुद्दा.

उलटतपासणी होत नाही, पण वहीची होऊ शकते. प्रत्येक कुत्र्याची नोंदवही असावी: सराव किती, खूण किती वेळा बरोबर, किती वेळा चुकीची. सरावाच्या वेळी माल कुठं लपवलाय हे हँडलरलाही माहीत नसावं. याला खर्च फार नाही. एक प्रामाणिक तिसरा माणूस आणि वेळ लागतो. माझ्या मते सरकारनं पुढचा रुपया नव्या पिल्लावर घालण्याआधी या वहीवर, आणि हँडलरला त्याच कुत्र्याबरोबर आठ वर्षं ठेवण्यावर घालावा. शिवाय कुत्रा म्हातारा झाला की त्याच्या पाठीमागच्या वर्षांची तरतूदही आधीच हवी. दत्तक कुणी घेतलं नाही तर त्याला कोण पोसणार, हे निवृत्तीच्या दिवशी शोधत बसायचं नसतं.

हे तुम्हाला विचारता येतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये. अमली पदार्थांचे कुत्रे किती, त्यातल्या किती जणांचा हँडलर गेल्या तीन वर्षांत बदलला, आणि चुकीच्या खुणांची नोंद ठेवली जाते का, एवढंच विचारा. जप्तीची किंमत विचारू नका, ती ते न विचारता सांगतात. महाराष्ट्रात मराठीत लिहा. कर्नाटकात अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मी कन्नडमध्ये दिलाय, शेजारच्या मुलीकडून लिहून घेऊन. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. आलं की पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन.