डोंगल झरीत, संगणक तिसरीकडे

वित्त आयोगाच्या निधीतून गटार बांधले, की ठेकेदाराचे बिल ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून निघते. त्यासाठी दोन डिजिटल सह्या लागतात: एक सरपंचाची, दुसरी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाची. पोर्टल सुरू झाले २४ एप्रिल २०२० रोजी. तलासरी तालुक्यातली झरीही या दोन सह्यांच्या नियमाला अपवाद नाही.  तिथल्या सरपंचाची सही बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये, असते.

पेनड्राइव्हसारखे दिसले, तरी त्यातली गुप्त किल्ली कॉपी करता येत नाही. सही टोकनच्या आतच होते, बाहेर येते ती फक्त झालेली सही. म्हणून वस्तू हजर हवी. पण ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन गावांचा कारभार असला आणि कामाचा संगणक दूरच्या सर्व्हरवर असला, तर?

१९९६ साली आलेले यूएसबी मुळात टेबलापुरतेच; यूएसबी २.० ची केबल फार तर ५ मीटर. अंतर वाढवायचे तर जवळचा संगणक उपकरणाचे संदेश नेटवर्कवरून धाडतो आणि पलीकडच्या यंत्राला वाटते, उपकरण माझ्याच पोर्टमध्ये आहे. वेबकॅमसारख्या उपकरणाला हा प्रवास जड जातो, कारण हायस्पीड यूएसबीचा ठोका १२५ मायक्रोसेकंदांचा आणि खेड्यातले नेट त्या तालावर चालत नाही. टोकनचे बरे असते. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप त्याला स्मार्ट कार्ड समजते आणि कार्डाच्या छोट्या आज्ञाच तेवढ्या पाठवते. जोडणीपूर्वी सेटिंगमध्ये स्मार्ट कार्डावर टिक मात्र हवी.

खरी फजिती उलट्या बाजूने होते. टोकन पंचायतीच्या संगणकात लावलेले, आणि तालुक्याहून कुणी रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरले, की टोकन गायब! विंडोज अशा वेळी कार्ड शोधते ते तालुक्याहून शिरलेल्या माणसाच्या यंत्रात. ड्रायव्हर कितीदाही टाका, उपयोग शून्य. एनीडेस्क मात्र पंचायतीचा चालू पडदाच दाखवते, तिथे टोकन दिसते आणि सहीही होते. सोयीचेच, पण टोकन कायम खोचलेले आणि पिन ऑपरेटरला पाठ, अशी व्यवस्था म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्यासारखी आहे.

आधारच्या थम्ब मशीनची अडचण निराळी. त्याची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सेवा १२७.०.०.१ या पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० क्रमांकांच्या पोर्टवर उत्तर देते. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. ब्राउझर दूरच्या सर्व्हरवर चालत असेल, तर तो सर्व्हरलाच विचारतो आणि मशीन सापडत नाही. मग मशीनचे यूएसबीच तिकडे वळवून ड्रायव्हर आणि आरडी सेवा सर्व्हरवर टाकावी लागते. तसे वळवले, की जोडणी तोडेपर्यंत ते इथल्या संगणकाला दिसेनासे होते, आणि अंगठा लावायला आलेल्याला तोवर थांबावे लागते.