खडीचे देणे

जुन्नरच्या लेण्यांत एक छोटा ब्राह्मी लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली, एवढीच त्याची नोंद. तिथल्याच दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या मुलखात कमावत्या मंडळींनी एकत्र येऊन सर्वांसाठी काही करायचे, हा रिवाज सुमारे दोन हजार वर्षांचा आहे.

ती लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तोच आता सुरुंगाने फुटतो आणि क्रशरमधून खडी होऊन बाहेर पडतो. मंचरच्या पंचक्रोशीत पुणे-नाशिक महामार्ग रुंदावला, कांद्याच्या चाळींशेजारी स्लॅबची घरे उभी राहिली. नदीची वाळू दुर्मीळ झाली तशी क्रश सँडची मागणी वाढली. डबर, मुरूम, खडी, ग्रीट या साऱ्याचा हिशोब ब्रासमध्ये होतो. खाणीजवळच्या वस्तीच्या वाट्याला काय येते, याचा हिशोब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. पण गावाकडचा क्रशर बहुधा एकट्याच्या किंवा भागीदारीच्या मालकीचा असतो. तो कंपनीच नसेल, तर हे कलम त्याला लागू होत नाही. सिमेंटच्या कंपन्या मोठ्या, पण त्यांचा राज्यातला चुनखडक मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुस ही त्यांची गावे. कायदा कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून तो पैसा तिकडे जावा हे रास्तच आहे. मंचरच्या दुकानात पोते विकले गेले, तेवढ्याने कंपनीवर इथल्या गावाचे कोणतेही बंधन येत नाही.

कायदा लागू होऊन चारच महिने झाले होते, तेव्हा 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. 151 माणसे गेली. आमडे गावाजवळ नवे माळीण उभे राहिले आणि 2 एप्रिल 2017 रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात तिथला भराव खचला, भेगा पडल्या, लोकांच्या पोटात पुन्हा भीतीचा गोळा आला. कंपन्यांच्या खर्चासाठी असलेल्या सातव्या परिशिष्टात आपत्तीनंतरचे पुनर्वसन आणि पुनर्बांधणी हे शब्द स्पष्टपणे आले ते थेट 30 मे 2019 ला. त्याआधी 18 जून 2014 च्या परिपत्रकात मदतकार्याला मोकळीक होती, पण ती अर्थ लावून घेण्यापुरती.

माळीणमुळे मला एक गोष्ट पक्की पटली. बांधकाम साहित्याच्या उद्योगाकडून धनादेशाइतकेच ज्ञानही मागायला हवे. उतारावर भराव किती दाबायचा, पाण्याला वाट कुठून द्यायची, संरक्षक भिंतीमागे दगड कसा भरायचा हे या उद्योगाला उत्तम ठाऊक असते. मंचरजवळ अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच्या प्रयोगशाळा आणि सिमेंट कंपन्यांचे तंत्रज्ञ पश्चिमेकडच्या डोंगरी वाड्यांपर्यंत पोचले, तर तो खर्च शाळेला रंग देण्यापेक्षा कितीतरी मोलाचा ठरेल.

क्रशरच्या धुळीचा प्रश्न दानाचा नाहीच. यंत्रांवर आच्छादन, पाण्याचे फवारे, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारात पक्के रस्ते, भोवती झाडांचा पट्टा हे सगळे पर्यावरण नियमांनुसार बंधनकारक आहे. कलम 135 च्या 2021 मधल्या सुधारित नियमांनी तर स्पष्टच सांगितले की इतर कायद्याने लादलेले काम सामाजिक जबाबदारीच्या खात्यावर दाखवता येणार नाही. तरीही एखाद्या मालकाने रस्त्यावर टँकरने पाणी मारले की गावात त्याचे उपकार मानले जातात. हे थांबले पाहिजे.

खाणमजुरांच्या मुलांचे काय? पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत बस्तू रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेने 1997 पासून पाषाण शाळा चालवल्या. मुले खाणीवर राहतात, म्हणून शाळाच खाणीवर नेली. हे काम सामाजिक संस्थेने केले, तेही कलम 135 येण्याच्या कितीतरी आधी.

छोट्या खाणींनाही लागू पडणारे एक साधन आज आहे, ते म्हणजे खाणबाधित भागांसाठीचे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. 2015 च्या खनिज कायदा दुरुस्तीतून ते आले. महाराष्ट्रात गौण खनिजाच्या रॉयल्टीवर 10 टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. ब्रासला 600 रुपये रॉयल्टी धरली, तर 60 रुपये. केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी यातला किमान 60 टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्च करायला सांगितले होते. याबाबतचे नियम करताना पेसा या अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचे आणि वनहक्क कायद्याचे भान राखण्याचे बंधन राज्यावर आहे, आणि आंबेगाव-जुन्नरचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो.

तेव्हा मंचर परिसरातल्या वाचकांना एवढीच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत दोन कागद मागा: आपल्या हद्दीतून किती ब्रास दगड उचलला गेला आणि त्यापोटी खनिज प्रतिष्ठानात जमा झालेल्या रकमेतून आपल्या गावासाठी कोणते काम मंजूर झाले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.